बॉयलरच्या दाराची सिरॅमिक दोरी टिकतच नाही, नक्की कोणती घ्यावी?

तेलमिल_जळगाव:
रामराम मंडळी. जळगाव एमआयडीसीत आमची सरकीची छोटी तेल मिल आहे, तासाला दोन टन वाफेचा फायर ट्यूब बॉयलर (नळ्यांतून धूर, भोवती पाणी), साडेदहा किलो प्रेशरचा, आणि जळण म्हणजे पऱ्हाटीची (कपाशीच्या काड्यांची) दाबलेली ब्रिकेट नाहीतर शेंगांची टरफलं, जे त्या आठवड्यात परवडेल ते. प्रॉब्लेम असा आहे की जळणाच्या दाराला आणि धुराच्या पेटीच्या दाराला जी पांढरी सिरॅमिक फायबरची दोरी लावतो ती सीझन काही काढत नाही. दुकानदार दर वेळी छातीठोकपणे सांगतो १२६० डिग्रीची आहे, लोखंड वितळेल पण ही नाही, आणि आमच्याकडे जळणाच्या दाराची दोरी आतल्या बाजूने कडक पापडासारखी होऊन तुकडे पडतात, बाहेरच्या बाजूने मात्र पांढरीच असते. धुराच्या पेटीची तेवढी खराब होत नाही पण खालून काजळी बाहेर येतेच, पत्र्यावर काळा पट्टा उमटलाय.

आता दोन प्रश्न. एक, याच्यापेक्षा भारी दोरी कोणती, मी तर ऐकलं की १४०० ची पण येते. दुसरा, मागच्या रोलमधली बरीच दोरी उरलीय, आमचा ऑपरेटर म्हणतो तीच फीड पंपाच्या (बॉयलरला पाणी देणाऱ्या) ग्लँडमध्ये, म्हणजे शाफ्टभोवती गळती अडवायच्या खोबणीत, आणि मेन स्टीम व्हॉल्व्हला भरू, १२६० वाली दोरी वाफेला काय घाबरते, "जमी जाई शेठ". मला काही ते पटेना म्हणून म्हटलं आधी इथं विचारावं. आणि हो, ती दोरी काढताना पोरांना फार खाज सुटते, या उन्हाळ्यात घामाने तर विचारूच नका, त्यावर काही उपाय असला तर तोही सांगा.

भट्टीवाला_धुळे:
शेठ आधी त्या १२६० च्या आकड्याचं भूत उतरवा डोक्यातून. तो वर्गवारीचा आकडा आहे, म्हणजे त्या तापमानाला चोवीस तास ठेवलं तर फायबर किती आकसतं यावरून ग्रेड ठरवतात, रोज तेवढ्यावर चालवा असा त्याचा अर्थ होत नाही. रोजच्या कामाला १०००, फार तर ११०० धरायचं आणि तेसुद्धा ब्लँकेटला, म्हणजे याच फायबरच्या जाड चादरीला. दोरीची गोष्ट अजून वेगळी आहे. हे फायबर म्हणजे अॅल्युमिना आणि सिलिका जवळपास निम्मं निम्मं घेऊन वितळवून फुंकलेलं, आखूड आणि ठिसूळ असतं, नुसत्या त्याचा धागा कातलाच जात नाही. म्हणून त्यात १५ ते २० टक्के रेयॉनसारखं सेंद्रिय सूत घालतात, आणि ताकद यावी म्हणून आतून एक तर काचेचा धागा टाकतात नाहीतर स्टीलची बारीक तार. पहिल्यांदा बॉयलर पेटवला की दोरीतून जो धूर आणि जळका वास येतो ना, ते हेच सूत जळतं, दोरी तपकिरी काळी पडते आणि मग परत पांढरी होते. त्याने घाबरू नका, फक्त त्या वेळी शेडची दारं उघडी ठेवा.

खरी मेख त्या मजबुतीच्या धाग्यात आहे. काचेच्या धाग्याची दोरी ५५०-६०० च्या वर गेली की काच मऊ पडते, मग सूत आधीच जळलेलं, काच गेली, उरला नुसता कापूस, दार चार वेळा उघडबंद केलं की तो ओघळून जातो. तार असलेली घ्या, त्यातही चांगल्या स्टेनलेसची किंवा इनकोनेलची (निकेलचा उष्णता सोसणारा मिश्रधातू). बिलावर नुसतं सिरॅमिक रोप लिहून घेऊ नका, आत काय आहे तेही लिहून घ्या.

आणि बाजारात चक्क काचेची दोरी सिरॅमिक म्हणून खपवणारे पण आहेत. ओळखायचं कसं तर काचेची दोरी चमकते, हाताला गुळगुळीत लागते, सिरॅमिकची लोकरीसारखी मंद आणि फुसफुशीत असते. तरी खात्री नसेल तर एक बोटभर तुकडा चिमट्यात धरून बाहेर मोकळ्यावर गॅस टॉर्च मारा, काच असेल तर वितळून टोकाला मणी होतो, सिरॅमिक आधी काळं पडेल, धूर सोडेल आणि पांढरं होऊन तसंच राहील. काचेच्या धाग्याने मजबूत केलेली असेल तर लोकर राहते आणि मधले चमकते धागे गळून पडतात, ते पण दिसतं नीट बघितलं तर. फक्त नव्या दोरीवरच हे करा, जुनी राखाडी दोरी असेल तर तिला टॉर्च बिर्च काही लावू नका, ती अॅस्बेस्टॉस असू शकते.

निवृत्त_फिटर_भुसावळ:
भाऊ ऑपरेटरला सांगा हात जोडतो पण ती दोरी ग्लँडमध्ये भरू नको. मी पॉवर हाऊसला फिटर होतो, उभी हयात ग्लँड भरण्यात गेली.

हिशोब साधा आहे. तुमची साडेदहा किलोची वाफ साधारण १८५ डिग्रीची, फीडचं पाणी तर त्याहून कितीतरी थंड. तिथं उष्णतेचा प्रश्नच नाही, तिथं प्रेशर अडवायचंय. सिरॅमिकची दोरी आतून सगळी छिद्राछिद्रांची, वाफ तिच्यातून सरळ पलीकडे जाते, तुम्ही ग्लँड कितीही आवळा. दिवसभर फुसफुस चालू राहील आणि आवळून आवळून स्पिंडल (व्हॉल्व्हचा दांडा) जाम होईल तो वेगळाच. पंपात तर अजून वाईट, शाफ्ट फिरतोय आणि त्याच्याभोवती कोरडी खरखरीत दोरी, ना तेल ना ग्राफाइट, शाफ्टवरच्या स्लीव्हवर (नळीवर) चरे पाडून ठेवणार. मग दोरी वाचवायला गेलेल्या माणसाला स्लीव्ह बदलायची पाळी येते.

पंपाला ग्राफाइट लावलेली नाहीतर टेफ्लॉनची ग्लँड पॅकिंग घ्या, टेफ्लॉन २६० पर्यंत चालतं, तुम्हाला भरपूर झालं. प्रत्येक रिंग वेगळी कापायची, अखंड दोरी गुंडाळून कोंबायची नाही, सांधे एकावर एक येऊ द्यायचे नाहीत आणि चालू झाल्यावर थेंब थेंब गळू द्यायचं, ते गळणं म्हणजेच तिचं थंड पाणी. बरेच जण पूर्ण सुकी करायला जातात आणि पॅकिंग जाळून बसतात. स्टीम व्हॉल्व्हला फ्लेक्झिबल ग्राफाइटच्या रिंगा. ग्राफाइट उघड्या हवेत साधारण ४५० पर्यंत आणि वाफेत ६५० पर्यंत चालतं असं धरतात. आमच्या दीपनगरला ५०० मेगावॅटच्या संचांत वाफ ५४० डिग्रीच्या आसपास असते, तसल्या व्हॉल्व्हलाही ग्राफाइटच लागतं, सिरॅमिक नाही. सिरॅमिक दोरी कुठं, तर जिथं आग आहे पण दाब नाही आणि काही फिरत नाही तिथं. भट्टीचं दार, धुराची पेटी, चिमणीची फ्लँज, डक्टचे जोड. मॅनहोल आणि हँडहोल वाफेच्या बाजूचे आहेत, तिथंही ही दोरी चालायची नाही, त्याचे गॅस्केट वेगळे येतात आणि तिथं बॉयलर इन्स्पेक्टरला काय चालतं ते विचारूनच लावायचं.

आता तुमच्या काजळीबद्दल. दोरी बदलत बसण्याआधी दार बघा. दाराच्या ज्या पट्टीवर दोरी दाबली जाते तिला सगळीकडे खडू फासा, दार नेहमीसारखं बंद करा, परत उघडा आणि दोरीवर खडूचा छाप कुठं उमटला नाही ते बघा. जिथं छाप नाही तिथं दार टेकतच नाही, तिथं सोन्याची दोरी लावली तरी धूर निघणार. मला वाटतं तुमचं दार खालून वाकलंय. संध्याकाळी राख ओढून झाली की पोरं तिच्यावर बादलीभर पाणी मारतात का हो? ते पाणी तापलेल्या दाराच्या पत्र्यावर उडतं आणि पत्रा वाकतो. दुसरं कारण म्हणजे जाडी जास्त झालेली दोरी लावून दार बसत नाही म्हणून नटाला पाइप घालून आवळणं, त्यानेही दार पीळ खातं.

आयडी फॅन (धूर चिमणीकडे ओढणारा पंखा) चालू असताना उदबत्ती पेटवून दाराच्या कडेने फिरवा, धूर आत ओढला गेला तर तिथून थंड हवा आत जाते. हे दिसत नाही म्हणून कुणी बघत नाही पण ती फुकटची हवा तुमचं जळण खाते, गरम होऊन चिमणीतून निघून जाते आणि तुम्हाला वाटतं ब्रिकेट हलकं आलं.

तेलमिल_जळगाव:
बापू तुम्ही कुठून बघितलं, राखेवर पाणी मारतातच आमच्याकडे 😀 खडूचं लगेच करून बघितलं, बॉयलर रविवारचा बंदच होता. धुराच्या पेटीच्या दाराला डाव्या कोपऱ्यात खाली चांगला वीतभर भाग कोरा राहिला, आणि काळा पट्टा पण बरोबर तिथंच आहे. जळणाच्या दाराला छाप सगळीकडे आहे, पण वरच्या बाजूला फार खोल, म्हणजे दोरी तिथं पार चेपून गेलीय. ग्लँडचं कळलं, ऑपरेटरला मोबाइल हातात देऊन हेच वाचायला लावलं, तो म्हणे एवढं असतं होय.

सप्लायर_अमळनेर:
मी हा माल विकतो त्यामुळं माझं मत चिमूटभर मीठ घालून वाचा. पण १४२५ वाल्या झिरकोनियाच्या दोरीच्या नादी लागू नका, तुमचे पैसे वाया जातील. तुमचं दुखणं तापमानाचं कमी आणि जळणाचं जास्त आहे. पऱ्हाटीच्या राखेत पोटॅश भरपूर असतं, भट्टीत ते वाफ होऊन फिरतं आणि सिरॅमिक फायबरवर बसून त्याचा काचेसारखा कडक थर करतं, अल्कली आणि या फायबरचं जमतच नाही. म्हणूनच आतली बाजू कडक आणि बाहेरची पांढरी. त्यावर उपाय ग्रेड वाढवणं हा नाही, दोरीपर्यंत ज्वाला आणि राख पोचू न देणं हा आहे. दाराच्या आतल्या बाजूला जो रिफ्रॅक्टरीचा, म्हणजे आग सोसणाऱ्या मसाल्याचा थर असतो तो कडेने ढासळलाय का बघा. तो नीट असला तर दोरी त्याच्या आड राहते आणि तिला मूळ आगीचा मारा लागतच नाही. बहुतेक ठिकाणी मी बघतो की दोरी वर्षात तीनदा बदलतील पण दाराचं कास्टेबल (तोच ओतून भरलेला थर) दोन वर्षं फुटकंच.

धुराच्या पेटीला सिरॅमिक लागतच नाही असं माझं म्हणणं. शेवटच्या पासनंतर, म्हणजे नळ्यांतल्या शेवटच्या फेरीनंतर धूर २००-२५० डिग्रीचा असतो, नळ्यांत काजळी साचली तर अजून थोडा वाढेल. चांगली विणलेली काचेची दोरी तिथं आरामात चालते, स्वस्त पडते, सिरॅमिकपेक्षा जास्त घासणं सोसते आणि खाजही कमी. फक्त तुमच्या बॉयलरला पुढच्याच दारामागे दुसऱ्या पासचं वळण असेल तर तो भाग जास्त तापतो, तिथं सिरॅमिकच ठेवा.

आणि घेताना किलोचा भाव विचारू नका, मीटरला किती वजन बसतं ते विचारा. दोरी किलोवर विकली जाते, कुणी सैल विणलेली हलकी दोरी देतो तेव्हा किलोत मीटर जास्त भरतात आणि गिऱ्हाईक खूश होतं, पण ती दाबली की चपटी होऊन परत वर येत नाही. भाव काढतो तेव्हा लोक माझ्याशी भांडतात यावरून, असो.

जुना_कारखानदार_चोपडा:
हे सगळं नवीन फॅड आहे. आम्ही इतकी वर्षं अॅस्बेस्टॉसची दोरी वापरली, एकदा लावली की विसरून जायचं, ना खाज ना तुकडे. अजूनही मिळते शोधली तर. उगाच महागातलं कशाला.

सेफ्टीवाली_चाळीसगाव:
काका, मिळते म्हणून लावू नका हो. अॅस्बेस्टॉसची खाज येत नाही हाच तर घात आहे, त्याचे धागे इतके बारीक की छातीत जाऊन बसतात आणि वीस-तीस वर्षांनी आजार वर येतो, तोपर्यंत माणूस रिटायर होऊन गावी गेलेला असतो. १९९५ सालच्या निकालात सुप्रीम कोर्टाने अॅस्बेस्टॉसच्या कामगारांच्या तब्येतीच्या नोंदी ४० वर्षं ठेवा असं उगाच नाही सांगितलं.

मात्र सिरॅमिक फायबर म्हणजे अगदी निर्धोक असंही कुणी समजू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने ते २बी गटात ठेवलंय, म्हणजे कॅन्सरला कारण ठरू शकतं असा संशय असलेल्या वस्तूंत, आणि युरोपात त्यावर याहून कडक शिक्का आहे. नवी दोरी बसवताना धोका त्यामानाने कमी, जास्त भीती जुनी काढताना. फायबर बराच काळ ९००-१००० च्या वर तापलं की त्यातली काही सिलिका क्रिस्टोबलाइट होते, आणि ती धूळ फुप्फुसाला वाईट. म्हणून तुमची जी आतून कडक झालेली, तुकडे पडणारी दोरी आहे ना, तिलाच सगळ्यात जपून हात लावायचा.

दादा तुमच्या पोरांना एवढं करायला सांगा. बॉयलर पूर्ण थंड झाल्यावर फवारणीच्या छोट्या पंपाने दोरीवर आधी पाणी मारायचं, चांगली ओली झाली की मग खरवडायची. कोरडी ओढायची नाही. एन ९५ मास्क, रुमाल नको, रुमालाने काही अडत नाही. पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे, चष्मा. मला माहितीये मे महिन्यात जळगावला पंचेचाळीस डिग्रीत पूर्ण बाह्या म्हणजे शिक्षाच, म्हणून हे काम पहाटे करा, बॉयलर तेव्हा रात्रभर थंड झालेला असतो आणि माणूसही. कॉम्प्रेसरची हवा मारून दोरीची खाच साफ करायची तर अजिबात नाही, आमच्याकडे मी येण्याआधी तेच चालायचं, सगळ्या शेडमध्ये ती धूळ. काढलेली दोरी ओली असतानाच जाड प्लास्टिकच्या पिशवीत भरून तोंड बांधायचं. अंगाला खाज सुटली तर चोळायचं नाही, आधी गार पाण्याने धुवायचं मग साबण, आणि ते कपडे घरी नेऊन बायकापोरांच्या कपड्यांत धुवायला टाकू नका.

ज्यांना नवीनच घ्यायचीय त्यांनी बायो-सोल्युबल फायबरच्या दोरीची पण चौकशी करा, ती कॅल्शियम-मॅग्नेशियम सिलिकेटची असते, छातीत गेली तरी लवकर विरघळते. बॉयलरच्या दाराला जेवढी उष्णता लागते तेवढी ती सोसते.

भट्टीवाला_धुळे:
ताईंनी बरोबर सांगितलं, मास्कचं तर मी पण आमच्याकडे सक्तीचं केलंय, कुणी ऐकत नव्हतं, शेवटी हजेरीच थांबवली तेव्हा ऐकलं.

तेलमिल_जळगाव:
सगळ्यांचे आभार, एवढं कुणी दुकानात बसून सांगत नाही. आता धुराच्या पेटीचं दार फॅब्रिकेटरकडे सरळ करायला टाकतोय आणि जळणाच्या दाराचं कास्टेबल पण वरून फुटलेलंच निघालं, जिथं छाप खोल होता तिथंच, ते भरून घेतो. राखेवर पाणी मारणं बंद, राख ट्रॉलीत ओढून बाहेर मोकळ्यावर विझवा असं सांगितलंय. शेवटचं विचारतो, खाच २५ मिलिमीटर रुंद आणि साधारण २० खोल आहे, दोरी गोल घेऊ का चौकोनी, किती जाड, आणि चिकटवायला काय? मागच्या वेळी ऑपरेटरने सोडियम सिलिकेटच्या डब्यात दोरी बुडवून काढली होती.

निवृत्त_फिटर_भुसावळ:
बुडवून काढली म्हणजे तिचा दगड केला की हो, दोरी मऊ असते म्हणूनच दाबली जाते. सिलिकेट फक्त खाचेच्या तळाला वीतवीतभर अंतरावर ठिपक्याठिपक्यानं लावायचं, दोरी जागेवर धरण्यापुरतं.

चौकोनी विणलेली घ्या, २५ बाय २५. खाच २० खोल म्हणजे ५ मिलिमीटर वर राहील, दाराची पट्टी तिला तेवढं दाबेल, साधारण पाचवा हिस्सा दाबली गेली म्हणजे ठीक. गोल दोरी चौकोनी खाचेत कोपरे मोकळे सोडते. बसवताना ओढून ताणायची नाही, ताणली की बारीक होते आणि तापल्यावर आकसून सांधा उघडतो. उलट ठोकळ्याने हळूहळू आत दाबत जायचं, लांबीत किंचित जास्तच राहू द्यायची. कापण्याआधी जिथं कापायचंय तिथं कागदी टेप गुंडाळा आणि टेपवरूनच कापा, नाहीतर विण सुटून झाडूसारखी पसरते. दोन्ही टोकं तिरपी कापून एकमेकांवर बसवायची, आणि सांधा बिजागरीच्या बाजूला मधोमध घ्या, खाली अजिबात नको, खाली राख साचते.

पहिला दिवस बॉयलर चालवून झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी थंड असताना दाराचे नट परत एकदा समोरासमोरचे थोडे थोडे आवळा, कारण त्यातलं सूत जळून दोरी बसलेली असते. हे कुणी करत नाही आणि मग म्हणतात नवी दोरी पण गळते. पाइप घालायचा नाही, हाताच्या पान्याने जेवढं होईल तेवढंच. एवढ्याने नाही बसलं तर दार अजून वाकडंच आहे असं समजा आणि परत खडू फासा.

तेलमिल_जळगाव:
बापू एकच अडचण, आमच्या दाराच्या कोपऱ्यांना गोलाई नाही, सरळ काटकोन आहेत. तिथं दोरी वळवू का कापून चार तुकडे लावू?

सप्लायर_अमळनेर:
कापू नका, चार तुकडे म्हणजे चार गळत्या जागा. २५ ची चौकोनी दोरी काटकोनात वळते पण आतल्या बाजूला सुरकुती पडते आणि बाहेरच्या कोपऱ्यात पोकळी राहते, त्या पोकळीत सिरॅमिक ब्लँकेटचा किंवा त्याच दोरीचा सुट्टा लोकरीचा भाग कोंबून भरायचा, मग दोरी बसवायची. फॅब्रिकेटरकडे दार चाललंच आहे तर खाचेच्या कोपऱ्यात पट्टीचा छोटा गोल तुकडा वेल्ड करून गोलाई काढून घ्या, पुढच्या वेळी ही कटकटच राहणार नाही. फक्त वेल्डिंग दारावरच, शेलच्या (बॉयलरच्या मुख्य टाकीच्या) बाजूला कुणाला काही वेल्ड करू देऊ नका, तिकडं इन्स्पेक्टरच्या परवानगीशिवाय हात लावायचा नसतो.